परदेशात रुपयांत बिल घेऊ नका

परदेशी सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांत, सोसायटीत दोन-तीन देश पाहून आलेल्यांच्या गप्पांत, कधी सहलीच्या आधीच्या मेळाव्यातही तो ऐकू येतो. सल्ला असा : कार्ड शक्यतो वापरू नका, रोख डॉलर जवळ ठेवा, आणि कार्ड काढावेच लागले व मशीनने ‘बिल युरोत की रुपयांत’ असे विचारले, तर डोळे मिटून रुपये निवडा, म्हणजे किती गेले ते जागच्या जागी कळते. सल्ला देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण सल्ल्याचा उत्तरार्ध पूर्णपणे चुकीचा आहे आणि पूर्वार्ध अर्धामुर्धा खरा आहे. परदेशात कार्ड वापरताना जे नुकसान सर्वांत सहज टाळता येते, त्याच नुकसानाकडे हा सल्ला आपल्याला हाताला धरून नेतो. म्हणून त्याचा नीट, हिशेबानिशी प्रतिवाद व्हायला हवा.

आधी त्या प्रश्नामागे काय घडते ते पाहू. पॅरिसमधल्या दुकानात कार्ड मशीनला लावले की कार्डाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून मशीनला कळते की हे भारतात दिलेले कार्ड आहे. इथून दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेने बिल युरोतच राहते. ते व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून आपल्या बँकेकडे येते, जाळ्याच्या त्या दिवसाच्या दराने त्याचे रुपये होतात आणि आपली बँक त्यावर स्वतःचा मार्कअप लावते. दुसऱ्या वाटेने युरोचे रुपये त्या दुकानातच होतात. दुकानाला मशीन पुरवणारी बँक किंवा तिने नेमलेली चलनबदल कंपनी आपल्या मर्जीचा दर लावते आणि तयार झालेली रुपयांतली रक्कम भारताकडे पाठवते. या दुसऱ्या प्रकाराला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात. बँकेतली माणसे नुसते डीसीसी म्हणतात. दरातून सुटणारा नफा कंपनी, मशीन पुरवणारी बँक आणि दुकानदार यांच्यात वाटला जातो. काउंटरवरची व्यक्ती ‘रुपीज?’ असे आपुलकीने विचारते तेव्हा तिच्या मालकाला त्या उत्तरात हिस्सा असतो. म्हणजे ती सोय म्हणून दिसली तरी प्रत्यक्षात एक स्वतंत्र विक्री आहे. कापड किंवा चॉकलेट विकत घेतल्यावर आपण त्याच दुकानातून, भाव न विचारता, परकीय चलनही विकत घेतो.

रुपयांच्या बाजूचा पहिला युक्तिवाद ‘निदान कळते तरी’ हा आहे. रक्कम कळते हे खरेच. पण किंमत कळण्यासाठी रकमेसोबत तुलनेचा आकडाही लागतो. पडद्यावर २१,४०० रुपये दिसले तर त्यातले वस्तूचे किती आणि चलन बदलून दिल्याचे किती, हे त्या आकड्यावरून समजत नाही. पावतीवर दर छापलेला असतो, अनेकदा मार्कअपची टक्केवारीही असते, पण ती बारीक अक्षरांत, आणि रांगेत मागे माणसे उभी असताना तो दर बाजारातल्या दराशी कोण ताडून पाहणार? युरोपीय संघाला ही अडचण इतकी खरी वाटली की २०१९ मध्ये त्यांनी नियमच केला : अशा चलनबदलाचा आकार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या ताज्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के जास्त आहे, ते ग्राहकाला आधी सांगायचे. एप्रिल २०२० पासून तो लागू झाला. पर्याय ग्राहकाच्या भल्याचा असता आणि रुपयांची किंवा झ्लॉटीची रक्कम दाखवल्याने सगळे स्पष्ट होत असते, तर कायदा करून टक्केवारी वदवून घेण्याची वेळ आली नसती. उलट, जाळ्याचा दर काही गुपित नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघेही आपापल्या संकेतस्थळावर तो रोज दाखवतात, त्यात आपल्या बँकेचा मार्कअप टाकला की रुपयांतला आकडा हॉटेलच्या खोलीत बसून निघतो. खर्च किती झाला हे कळण्यासाठी दुकानदाराकडून महाग चलन घेण्याची गरज नाही.

आता आकडे मांडू. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक युरो म्हणजे १०० रुपये धरू आणि हॉटेलचे बिल २०० युरो. जाळ्याच्या दराने ते २०,००० रुपये होते. भारतातल्या बहुसंख्य क्रेडिट व डेबिट कार्डांवर परदेशी चलनातल्या व्यवहाराला साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप असतो आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. युरोत बिल केले तर खात्यातून २०,८२६ रुपये जातील. त्याच बिलाला रुपयांचा पर्याय घेतला आणि तिथल्या कंपनीने सात टक्के चढवले, तर मशीनवर २१,४०० दिसतील. डीसीसीचे मार्कअप तीन-चार टक्क्यांपासून दहा-बारा टक्क्यांपर्यंत कुठेही असतात, त्यामुळे सात हा काही टोकाचा आकडा नव्हे. पण गोष्ट इथे संपत नाही. बिल रुपयांत आले तरी व्यापारी परदेशातला आहे हे आपल्या बँकेला दिसतेच, आणि अनेक भारतीय बँका अशा रुपयांतल्या परदेशी व्यवहारावरही साधारण एक टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी लावतात. तो धरला की आणखी अडीचशे रुपये. एकूण २१,६५२. युरोत बिल घेणाऱ्याने ८२६ रुपये जादा दिले, रुपयांत घेणाऱ्याने १,६५२, अगदी दुप्पट. आणि ज्याने निघण्यापूर्वी मार्कअप न लावणारे कार्ड घेतले होते, त्याचे २०,००० च गेले. रुपये निवडणाऱ्याला ‘किती गेले ते जागेवर कळते’ असे वाटत होते. प्रत्यक्षात शेवटचे अडीचशे त्याला स्टेटमेंट आल्यावरच दिसतात.

यावर एक खरोखर वजनदार आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. आक्षेपक म्हणतो, आपली बँकही काही फुकट बदलून देत नाही. ती ४.१३ टक्के घेतेच. मग परदेशातली कंपनी तीन-चार टक्के घेत असेल तर फरक कुठे राहिला? काही ठिकाणी फरक खरोखर थोडा असतो हे मान्य करू. पण सीमारेषा नेमकी कुठे आहे तेही पाहू. आपली बँक रुपयांतल्या परदेशी व्यवहारावर एक टक्का व जीएसटी घेत असेल, तर तिथला मार्कअप जेमतेम २.९ टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच रुपयांचा पर्याय स्वस्त पडेल. चार टक्क्यांना तो महागच आहे : वरच्याच उदाहरणात २०,८०० वर बँकेचे शुल्क धरून २१,०४५ रुपये होतात. बँक ते शुल्क घेतच नसेल तर सीमारेषा ४.१३ टक्क्यांवर जाईल. म्हणजे रुपयांचा पर्याय कधीच स्वस्त नसतो असे नाही; तो स्वस्त असण्यासाठी आपली बँक उदार आणि तिथली कंपनी संयमी, असा दुहेरी योग जुळून यावा लागतो, आणि जुळला आहे का हे काउंटरवर उभे राहून तपासावे लागते. शिवाय या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष वेगळाच आहे. आपल्या बँकेचा मार्कअप जड वाटत असेल तर कमी मार्कअपचे कार्ड घ्यावे. असे कार्ड घरी बसून, चार बँकांचे शुल्कपत्रक शेजारी ठेवून, महिनाभर आधी निवडता येते. अनोळखी शहरातल्या अनोळखी कंपनीचा दर मात्र आपण निवडलेला नसतो, फक्त स्वीकारलेला असतो. एका बाजूला आपल्या हातात पर्याय आहेत, दुसऱ्या बाजूला फक्त ‘हो’ म्हणण्याचे बटण आहे. माझा सगळा मुद्दा याच एका फरकावर उभा आहे.

दुसरा आक्षेप रुपयाच्या घसरणीचा. आज बिल केले आणि व्यवहार दोन दिवसांनी खात्यात नोंदला, तेवढ्यात रुपया पडला तर? भीती समजण्यासारखी आहे, कारण डॉलर वर चढल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो आहोत. पण त्या बातम्या नीट वाचल्या तर दिसेल की रुपया एका दिवसात पैशांच्या हिशेबात हलतो. दिवसात पंचवीस-तीस पैशांची घसरण झाली तरी ती मोठी बातमी होते, आणि नव्वदीच्या आसपासच्या दरावर ती टक्क्याचा तिसरा हिस्सा भरते. दोन-तीन दिवसांच्या अंतरासाठी, टक्क्याचा काही अंश वाचवायला, पाच-सात टक्क्यांचा विमा कोणी उतरवणार नाही. आणि रुपया पडतो तसा त्याच दोन दिवसांत वरही जातो.

फॉरेक्स कार्ड घेतलेल्यांना वाटते की हा प्रश्न आपला नाही. खरे तर त्यांनी अधिक सावध राहायला हवे. त्यांनी रुपये देऊन युरो आधीच विकत घेतले आहेत. दर ठरला, कर भरला, विषय संपला. अशा युरो भरलेल्या कार्डावर जिथे रुपयांतला व्यवहार होऊ दिला जातो, तिथे दुकानातली कंपनी युरोचे रुपये करते आणि ते रुपये चुकते करायला कार्डातून पुन्हा युरो काढले जातात. कार्डात भरलेल्या चलनापेक्षा वेगळ्या चलनात बिल आले की बँका त्यावर तीन-साडेतीन टक्क्यांचे क्रॉस करन्सी शुल्क घेतात. २०० युरोच्या बिलापोटी कार्डातून २२० च्या वर युरो जाण्याची ही वाट आहे. ज्याच्याकडे त्या देशाचे चलन आधीच आहे, त्याने ते चलन मागणाऱ्या दुकानदाराला रुपयांत पैसे द्यायचे, यात कसलीच सोय नाही.

एटीएमवर हाच प्रश्न अधिक वाईट रीतीने विचारला जातो. तिथे समोर माणूस नसतो, पडद्यावरची वाक्ये लांबलचक असतात आणि शब्दांची निवड अशी की नाही म्हणायला हात धजावू नये. ‘ॲक्सेप्ट कन्व्हर्जन’ आणि ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ अशी दोन बटणे येतात. डिक्लाइन दाबले तर व्यवहारच रद्द होईल, कार्ड आत अडकेल, अशी धास्ती वाटून अनेक जण ॲक्सेप्ट दाबतात. वस्तुस्थिती अशी आहे की डिक्लाइनने फक्त चलनबदल नाकारला जातो. पैसे तेवढेच मिळतात आणि दर आपल्या कार्डाच्या जाळ्याचा लागतो. काही यंत्रांवर हेच ‘विथ कन्व्हर्जन’ आणि ‘विदाउट कन्व्हर्जन’ असे लिहिलेले असते, ‘विदाउट’ निवडायचे. याशिवाय एटीएमच्या मालकाचे शुल्क वेगळे, आपल्या बँकेचे परदेशातून पैसे काढण्याचे शुल्क वेगळे. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी साधारण २२० बाट पडतात. दोन हजार बाट काढणाऱ्याला ते ११ टक्के होतात, वीस हजार काढणाऱ्याला १.१ टक्का. म्हणून एटीएममधून चार वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढावे, आणि बँकेचा फलक असलेले एटीएम शोधावे. विमानतळावर, पर्यटकांच्या चौकात आणि किराणा दुकानांच्या दारात उभी असलेली स्वतंत्र कंपन्यांची यंत्रे शुल्कात आणि चलनबदलात जास्त भूक दाखवतात. क्रेडिट कार्डावर रोकड काढणे तर टाळावेच, कारण त्यावर काढल्या दिवसापासून व्याज सुरू होते, बिलाच्या तारखेपर्यंतची सवलत तिथे मिळत नाही.

एवढे असूनही रुपयांचा पर्याय मनाला पटतो, आणि त्याला इतिहासातले कारण आहे असे मला वाटते. परकीय चलन ही या देशात दीर्घकाळ जवळजवळ निषिद्ध वस्तू होती. १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याखाली ते जवळ बाळगणे हा गुन्हा ठरू शकत होता. त्या पिढीतले लोक हातात मोजके डॉलर किंवा तीन-चार पौंड घेऊन विमानात बसत. १९९१ मध्ये गंगाजळी इतकी आटली की सोने गहाण टाकावे लागले. ‘फेरा’च्या जागी आलेला ‘फेमा’ कायदा लागू झाला तो जून २००० मध्ये, आणि सामान्य माणसाला वर्षाला ठरावीक डॉलर मोकळेपणाने बाहेर पाठवण्याची मुभा मिळाली २००४ मध्ये. तेव्हा ती २५,००० डॉलरची होती, आज अडीच लाखांची आहे. या तीसेक वर्षांनी दोन सवयी लावल्या. हातातली नोट ती खरी, आणि परक्या चलनाचा हिशेब आपल्या आवाक्याबाहेरचा. पहिल्या सवयीतून रोख डॉलरचा आग्रह आला, दुसरीतून पडद्यावर रुपयाचे चिन्ह दिसताच वाटणारा दिलासा. सवयी समजून घ्यायला हव्यात, पण ज्या टंचाईतून त्या आल्या ती टंचाई राहिलेली नाही.

आता सल्ल्याचा पूर्वार्ध, रोख डॉलर. थोडी रोकड जवळ हवी, याबद्दल वाद नाही. टॅक्सी, टपरी, सार्वजनिक स्वच्छतागृह, छोट्या गावातले भोजनालय, जपानमधली कित्येक जुनी दुकाने इथे ती लागते. वाद ‘डॉलर सगळीकडे चालतात’ या वाक्याशी आहे. युरोपला जाणाऱ्याने मुंबईत रुपयांचे डॉलर केले आणि रोममध्ये डॉलरचे युरो, तर त्याने एकाच पैशावर दोनदा दलाली दिली. प्रत्येक बदलात कोणी ना कोणी आपला वाटा काढून घेतो, म्हणून बदल जितके कमी तितके बरे. युरोपला जायचे तर इथूनच युरो न्यावेत. याला अपवाद आहेत. बाट किंवा व्हिएतनामी डाँग भारतात घ्यायला गेले तर दर इतका वाईट मिळतो की तिथे डॉलर नेऊन बदलणेच परवडते, आणि बँकॉकच्या मनी चेंजरकडे शंभराच्या करकरीत नोटेला लहान नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो. पण अपवादाला नियम करू नये. ‘झिरो कमिशन’च्या पाटीलाही भुलू नये. कमिशन शून्य असले तरी खरेदीचा आणि विक्रीचा दर यांतले अंतर असतेच आणि कमाई तिथेच होते. फायनान्शिअल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या दिवशी डॉलर, युरो, पौंड आणि येनचे संदर्भ दर जाहीर करते. मनी चेंजरचा दर त्याच्याशी ताडून पाहिला की अंतर समजते. एक लाख रुपयांचे चलन घेतले तर चलनबदलावरचा जीएसटी १८० रुपये होतो. त्या १८० वरून घासाघीस करणारे गिऱ्हाईक दरातल्या दोन टक्क्यांचे, म्हणजे दोन हजारांचे, नावही काढत नाही.

रोख सुरक्षित, कार्ड धोक्याचे, हे म्हणणेही उलट तपासायला हवे. प्रवासाला निघताना माणशी तीन हजार डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात, उरलेली रक्कम कार्डावर न्यावी लागते, तेव्हा मोठ्या सहलीत कार्ड तसेही टळत नाही. बार्सिलोनाच्या मेट्रोत पाकीट गेले तर नोटा गेल्या त्या गेल्या. कार्ड गेले तर ते मोबाइलवरून त्या मिनिटाला बंद करता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी अनधिकृत व्यवहार केला आणि ग्राहकाने बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोटा ग्राहकावर पडत नाही. जानेवारी २०२० च्या निर्देशांनी आणखी एक कडी लावली : नवे कार्ड परदेशी वापरासाठी बंदच मिळते, ते आपण सुरू करायचे आणि मर्यादाही आपणच ठरवायची. परदेशात बऱ्याच ठिकाणी ओटीपी मागितला जात नाही, म्हणून ही मर्यादा रोजच्या गरजेइतकीच ठेवावी आणि परतल्यावर वापर बंद करावा. दोन वेगळ्या बँकांची, शक्यतो दोन वेगळ्या जाळ्यांची कार्डे दोन वेगळ्या पिशव्यांत असावीत. जाडजूड नोटांचे पुडके कमरेला बांधून फिरण्यापेक्षा ही व्यवस्था कितीतरी अधिक सुरक्षित आहे. यूपीआयचे नाव आता यात घेतले जाते. भूतान, सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा देशांत ते पोहोचले आहे, पण फ्रान्समध्ये त्याची सुरुवात २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांपासून झाली, यावरूनच त्याचा आवाका लक्षात यावा. ते कार्डाची जागा घेण्याइतके अजून पसरलेले नाही.

कराच्या भीतीनेही काही जण रुपये निवडतात. रुपयांत बिल झाले की तो परदेशी व्यवहारच राहत नाही आणि टीसीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, लागत नाही, असा समज आहे. तो निराधार आहे. व्यापारी परदेशातला असला की चलन कोणतेही छापले तरी पैसा देशाबाहेरच जातो. आणि ज्या टीसीएसला घाबरायचे, त्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून माणशी वर्षाला १० लाख रुपये आहे. दहा दिवसांच्या सहलीत कार्डावर इतका खर्च करणारी कुटुंबे मोजकी असतील. परदेशात वापरलेले क्रेडिट कार्ड या मर्यादेत मोजण्याचा निर्णय मे २०२३ मध्ये झाला होता, तो जूनअखेरीस सरकारने पुढे ढकलला. शिवाय टीसीएस हा खर्चच नव्हे. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. डीसीसीला दिलेले सात टक्के कुठल्याही विवरणपत्रात परत मिळत नाहीत.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. साठी-सत्तरीतले जोडपे, दिवसभराची पायपीट, परकी भाषा, मागे रांग. अशा वेळी त्यांनी टक्केवारी काढत बसायचे का? अजिबात नाही. म्हणूनच निर्णय घरून करून निघायचा, म्हणजे काउंटरवर विचार करण्याची वेळच येत नाही. फ्रान्समध्ये ‘युरो’, दुबईत ‘दिरहम’, लंडनमध्ये ‘पौंड’, एवढा एक शब्द बोलायचा, आणि मशीन आपल्याकडे वळवले असेल तर त्या देशाच्या चलनाचे बटण दाबायचे. न विचारताच रुपयांत पावती निघाली तर सही किंवा पिन देण्याआधी ‘व्हॉइड’ करून पुन्हा करायला सांगायचे. कार्डधारकाला निवड द्यायलाच हवी हा व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचाही नियम आहे, त्यामुळे हा आपला हक्क आहे, उद्धटपणा नव्हे. दुकानदार ऐकतच नसेल तर पावती जपून ठेवायची. निवड न देता लादलेल्या चलनाविरुद्ध आपल्या बँकेमार्फत तक्रार करता येते. हॉटेलात आणि गाडी भाड्याने घेताना विशेष लक्ष द्यायचे, कारण तिथे आल्या दिवशी घेतलेल्या कार्डावर निघताना बिल लावले जाते आणि फॉर्मवरच्या एखाद्या खुणेने रुपयांना संमती दिली गेलेली असू शकते. हाच सापळा घरबसल्याही असतो : परदेशी हॉटेल किंवा विमान कंपनीचे संकेतस्थळ रुपयांत किंमत दाखवते तेव्हा चलन बदलून मूळ किंमत पाहावी आणि मगच पैसे भरावेत.

पण सगळा भार प्रवाशावर टाकून चालणार नाही. युरोपीय संघाने टक्केवारी सांगण्याची सक्ती केली, तशी सक्ती परदेशातल्या दुकानांवर आपण करू शकत नाही. आपल्या बँकांवर मात्र नक्की करू शकतो. परदेशी व्यापाऱ्याने रुपयांत बिल लावले की ते बँकेला त्याच क्षणी दिसते. ‘हा व्यवहार परदेशात असूनही रुपयांत झाला आहे, त्यावर आमचे शुल्कही लागेल, पुढच्या वेळी स्थानिक चलन निवडा’ असा एक संदेश मोबाइलवर पाठवणे बँकांना अवघड नाही. पहिल्याच दिवशी तो मिळाला तर उरलेले नऊ दिवस वाचतील. परदेशी वापराची कळ २०२० मध्ये ग्राहकाच्या हाती देणाऱ्या रिझर्व्ह बँकेने हे पाऊलही उचलावे. आणि दादर, ठाणे, पुणे, नाशिकला सहलीआधीचे मेळावे घेणाऱ्या सहल कंपन्यांना विनंती आहे : थंडीच्या कपड्यांची आणि जेवणाच्या डब्यांची यादी वाचून दाखवता, तेव्हा त्यातली पाच मिनिटे एटीएमच्या पडद्याचे चित्र दाखवायला ठेवा आणि ‘विदाउट कन्व्हर्जन’चे बटण कोणते ते प्रत्येकाला ओळखायला लावा.